स्वस्तातला ड्रायसूट

झांस्कर नदीत उतरायचं ठरल्यापासून अंग कोरडं ठेवणाऱ्या ड्रायसूटच्या किमतींनी झोप उडवलीय. कोलाडला कुंडलिकेवर त्याची गरजच पडत नाही. झांस्करचं पाणी मात्र वितळलेल्या बर्फाचं.

घाम बाहेर सोडणारं गोअर-टेक्स कापड परवडणार नाही. साधं कापड घाम कोंडतं, तो सोसेन. झिपमध्ये तडजोड नको. ती गेली की दुरुस्तीतच खिसा रिकामा. गळ्या-मनगटांचे लॅटेक्स गॅस्केट उन्हाने चिरतात, पण बदलता येतात. म्हणजे वापरलेला सूटही चालेल. घेण्याआधी आत हवा कोंडायची, वरून साबणाचं पाणी फिरवायचं, बुडबुडे भोकं दाखवतात. ऊब काय, ती आतल्या फ्लीसची.

लघवीसाठीच्या वेगळ्या झिपला मात्र जास्तीचे पैसे मोजेन. नदीकाठच्या थंडीत अख्खा सूट उतरवून बघा, मग मला चैनी म्हणा!