आधी पडायला शिका

उंद्रीतल्या पोरांना जुडो म्हटलं की डाव हवा असतो आणि मी त्यांना पडायला लावतो. "सर, पडाले काय शिका लागते? ते तं येतेच!" असं कुणीतरी म्हणतंच. पण तोल गेला की हात आपसूक मागे टेकतो आणि मनगट नाहीतर कोपर दुखावतं. ही उपजत खोड मोडायची, म्हणून उकेमी, म्हणजे पडण्याचं तंत्र.

सुरुवात उकिडवं बसून. हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर, म्हणजे डोकं आपटत नाही. पाठ गोल करून मागे लोळायचं, श्वास सोडायचा आणि पाठ टेकताना दोन्ही हात अंगापासून थोडे फाकवून गादीवर सपकन मारायचे. पंज्यापासून कोपरापर्यंत हात एकदम टेकला, तर एकच 'फट्' वाजतं. कोपर आधी टेकलं, तर दोन आवाज येतात. पाठमोरा असलो तरी मला चूक कळते. मग उभ्याने, मग कुशीवर, मग खांद्यावरून कोलांटी.

कुस्ती पाहिलेल्याला जुडो परका वाटत नाही. धोबीपछाड ठाऊक असेल, तर सेओइनागे ओळखीचा निघतो. पाठीवर जोरात, ताबा ठेवून टाकलं की इप्पॉन. तिथेच लढत संपली. मात्र आखाड्यातली माती तेल, ताक, हळद घालून मऊ केलेली असते. आमची गादी पातळ. उरलेला मार अंगानेच जिरवायचा.

जुडोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोतल्या एइशोजी मंदिरात १२ तातामींवर, म्हणजे चटयांवर, कोडोकान ही जुडोची शाळा सुरू केली. जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले घातक प्रकार त्यांनी कातांपुरते, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या सरावापुरते, ठेवले आणि पूर्ण जोर लावता येईल असे डाव मोकळ्या सरावाला दिले. रोज पाडून घ्यायचं, तर पडता यायलाच हवं.

पडणं जमलं की मग ओसोतोगारी हा डाव. आधी जोडीदाराचा तोल त्याच्या उजव्या टाचेवर आणायचा. मग आपला उजवा पाय त्याच्या पायामागे घालून मागे झटकायचा. तो डाव्या हाताने गादी मारतो. त्याची उजवी बाही आपल्या मुठीत असते, आणि तो टेकताना ती वर ओढून धरायची असते. त्यामुळे त्याला बसणारा मार कमी होतो. पाडल्याच्या आनंदात पोरं नेमकी तीच सोडतात.

बाही सोडणाऱ्याला मी पुढचा डाव शिकवत नाही, कितीही ताकदीचा असो.