निकालाआधीचं माळेगाव

‘वीकेंडला बारामतीला चाललेय,’ असं ऑफिसमध्ये सांगितलं की ठरलेल्या प्रतिक्रिया येतात. ‘वा, म्हणजे मस्त रस्ते!’, ‘गार्डनचे फोटो टाक गं!’ आणि एखादा चहाटळ हमखास म्हणतो, ‘साहेब भेटले तर आमच्या रस्त्याचं पण सांग!’ मी हसून सोडून देते. कारण मला जायचं असतं ते बारामतीच्या आठ-दहा किलोमीटर अलीकडे, माळेगाव बुद्रुकला. मामाकडे.

पुण्याहून शंभरेक किलोमीटर. दिवे घाट, सासवड, जेजुरी आणि मग नीरा. नीरेपर्यंत तुम्ही पुणेकर असता. नीरा ओलांडली की दोन्ही बाजूंनी ऊस सुरू होतो आणि तुमची गाडी एका ट्रॅक्टरच्या मागे लागते. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांवर रस्त्याच्या बाहेर लोंबणारा ऊस, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर स्पीकर. ओव्हरटेक करायचं तर देवाचं नाव घ्यायचं! डिसेंबर 2025 च्या दुसऱ्या शनिवारी मी अशाच एका ट्रॉलीमागे वीस मिनिटं होते. एसी बंद करून काच खाली केली, तर मळीचा तो गोडसर-आंबूस वास आत आला. म्हणजे माळेगाव जवळ आलं. कारखाना आधी नाकाला कळतो, डोळ्यांना नंतर.

‘बुद्रुक’ म्हणजे मोठं. मूळ फारसी ‘बुजुर्ग’. शेजारी माळेगाव खुर्द, म्हणजे धाकटं. गंमत म्हणजे मोठमोठ्या संस्था धाकट्याकडे आहेत. शारदानगरचं कृषी विज्ञान केंद्र तिथे, आणि दुष्काळ, क्षार, उष्णता अशा ताणांत पीक कसं तगवायचं यावर काम करणारी केंद्र सरकारची संस्था 2009 पासून तिथेच. थोरल्याकडे आहे तो शिवनगरचा सहकारी साखर कारखाना, 1950 च्या दशकातला. नीरा डाव्या कालव्याचं पाणी तर त्याच्याही आधी, 1880 च्या दशकात या पट्ट्यात आलं. पाणी आलं म्हणून ऊस आला, ऊस आला म्हणून कारखाना, कारखाना आला म्हणून कॉलन्या, हायस्कूल, बँका, मेडिकल, मोबाइलची दुकानं. आणि एक दिवस सरकारच्या लक्षात आलं की, अरे, हे काही आता गाव राहिलेलं नाही!

हे लक्षात येण्याचाही कायदा आहे बरं का. लोकसंख्या 10 हजार ते 25 हजार आणि शेतीबाहेर पोट भरणारे किमान 25 टक्के असले की गावाची नगरपंचायत होऊ शकते. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमात अशा जागेला ‘संक्रमण’ अवस्थेतलं क्षेत्र म्हणतात. म्हणजे ना धड गाव, ना धड शहर. माझ्या मामाच्या शब्दांत सांगायचं तर ‘मिसरूड फुटलेलं पोरगं’.

माळेगावला मिसरूड फुटलं 2021 मध्ये. ग्रामपंचायत गेली, नगरपंचायत आली. पण नगरसेवक काही आले नाहीत. ओबीसी आरक्षणाचा वाद सुप्रीम कोर्टात अडकला होता आणि राज्यभरच्या निवडणुका लटकल्या होत्या. कारभार प्रशासकाकडे. मे 2025 मध्ये कोर्टाने निवडणुका घ्या म्हणून आदेश दिला, तेव्हा कुठे 2 डिसेंबरला माळेगावने आपले पहिले नगरसेवक निवडण्यासाठी बटण दाबलं. सतरा प्रभाग, सतरा नगरसेवक आणि थेट जनतेतून एक नगराध्यक्ष. एकूण अठरा.

हा अठराचा आकडा तुम्ही ऐकला असेल. नोव्हेंबर 2025 मध्ये माळेगावातल्या प्रचारसभेत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी तो उच्चारला होता. अर्थखातंही त्यांच्याचकडे होतं. आशय असा, की आमचे अठराच्या अठरा निवडून द्या, निधीला कमी पडू देणार नाही. पण तुम्ही काट मारलीत तर मीही काट मारणार. मत तुमच्या हातात, निधी माझ्या हातात. झालं, राज्यभर चर्चा! शिवसेनेच्या ठाकरे गटाचे अंबादास दानवे म्हणाले, निधी हा सामान्य माणसाच्या करातून येतो, कुणाच्या घरातून नाही. त्यावर, निवडणुकीत सगळेच पक्ष आश्वासनं देतात, असं उत्तर पवारांकडून आलं.

मी ही क्लिप पुण्यात, लंच ब्रेकमध्ये बघितली होती आणि भडकले होते. फॉरवर्डही केली, रागाच्या इमोजीसकट. मामाकडे पोचल्या पोचल्या विषय काढला, तर मामा शांतपणे म्हणाला, ‘अगं, ते तोंडावर बोलले एवढंच. बाकीचे बोलत नाहीत.’

मामी भाकरी थापता थापता म्हणाली, ‘आणि कामं झालीत की गं. नाही कसं म्हणायचं?’

इथे माझी पंचाईत झाली. कारण दोघंही खरं बोलत होते. बारामती परिसरात रस्ते, शाळा, दवाखाने उभे राहिले, ते डोळ्यांना दिसतं. कारखान्याचंच बघा. त्याच वर्षी, जून 2025 मध्ये, कारखान्याच्या संचालक मंडळाची निवडणूक झाली आणि जुलैमध्ये अजित पवार स्वतः अध्यक्ष झाले. राज्याचा उपमुख्यमंत्री एका साखर कारखान्याचा चेअरमन! म्हणजे ऊस, पगार, रस्ता आणि मत, सगळं एकाच दोरीत ओवलेलं. अशा ठिकाणी ‘आमचा हक्क’ हा शब्द तोंडातून काढायला माणूस दोनदा विचार करतो. त्याला भीतीच म्हणायला हवं असं नाही. लिहाजही असतो.

आणि रस्ता इथे फक्त आपल्यासारखा ऑफिसला जायचा नसतो. तोडलेला ऊस वाळायला लागतो, तासागणिक वजन उतरतं. ट्रॉली खड्ड्यात अडकली, एक्सल तुटला, रात्रभर थांबावं लागलं, तर ते पैसे शेतकऱ्याचे जातात. आपल्याकडे खड्डा म्हणजे कंबरदुखी, इथे तो वजनकाट्यावर दिसतो. बरं, त्याच रस्त्याने शाळेच्या पोरी सायकलवर जातात आणि ऊसतोड कामगारांच्या बैलगाड्या पहाटे चारला निघतात, त्यांच्या मागे रिफ्लेक्टरचा कागद असला तर असला.

रविवारी सकाळी मामाबरोबर फिरायला निघाले. तो निवृत्त शिक्षक. त्याच्या घराभोवती प्लॉटिंग झालंय. छोटे बंगले, गच्चीवर सिन्टेक्सच्या टाक्या, गेटवर ‘मातृछाया’. मध्ये एक रिकामा तुकडा. बाभळीची दोन झाडं, विटांचे स्टंप, वाळत घातलेली गोधडी.

‘हे आमचं ओपन स्पेस,’ मामा अभिमानाने म्हणाला.

नियम असा आहे की साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या जागेवर ले-आउट पाडला, तर दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती सगळ्यांची. हे मला माहीत होतं, कारण त्यावरून मी एकदा तोंडावर आपटलेय. आमच्या सोसायटीच्या ब्रोशरमध्ये एक हिरवीगार बाग होती, झोपाळ्यासकट. ताबा मिळाला तेव्हा झोपाळा होता, पण बागेच्या जागी पेव्हर ब्लॉक आणि अठ्ठावीस गाड्या! बिल्डरने ‘व्हिज्युअल प्रातिनिधिक आहे’ ही ओळ बोट ठेवून दाखवली. तक्रार कुणाकडे करायची म्हणून मी नगरसेवकाचं नाव शोधायला बसले, तेव्हा कळलं की पुण्यात नगरसेवकच नाहीत. महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली होती आणि पुढची निवडणूक झाली थेट जानेवारी 2026 मध्ये. लाज कशाची वाटली सांगू? ते नाहीत, हे कळायला मला दीड वर्षं लागलं होतं.

मामाला मात्र असलं काही होणं शक्यच नाही. तो ग्रामसभेतला माणूस. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. झेंडावंदन झालं की शाळेच्या पटांगणात सतरंजी, टेबलामागे सरपंच आणि ग्रामसेवक, समोर गाव. शंभर माणसं किंवा मतदारांच्या 15 टक्के, यातलं जे कमी असेल तेवढे जमले की कोरम. आणि मग कुणीही उठायचं आणि विचारायचं, पाइपलाइनचे पैसे कुठे गेले? भांडणं व्हायची, माइक खेचले जायचे, अर्धं गाव यायचंच नाही. सगळं खरं. पण विचारणारा उभा आणि उत्तर देणारा समोर.

‘नगरपंचायतीला ग्रामसभा नसते,’ मामा म्हणाला. ‘सभा असते ती नगरसेवकांची. आपण द्यायचा अर्ज.’

खरंतर शहरांसाठीही अशी सोय महाराष्ट्राने 2009 मध्ये कायद्यात केलीय. तिचं नाव क्षेत्रसभा. नगरसेवकाने आपल्या भागातल्या मतदारांना बोलवायचं आणि ऐकून घ्यायचं. तुम्ही कधी गेलायत अशा सभेला? मीही नाही. पुण्यात नागरिक संघटना वर्षानुवर्षं त्यासाठी मागे लागल्यात. मामाला हे सांगितलं तर तो रस्त्यातच थांबला. ‘लेखी आहे?’ त्याने विचारलं. मी मोबाइलवर शोधून दाखवलं. त्याने चष्मा वर करून दोनदा वाचलं आणि खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला.

अर्ज. ‘मा. मुख्याधिकारी साहेब’ अशी सुरुवात. ओपन स्पेसमध्ये दोन बाक, एक दिवा आणि मुख्य रस्त्याच्या वळणावर, जिथे ट्रॉल्या वळतात, तिथे एक स्पीडब्रेकर. बस्स. अर्ज लिहून महिना झाला होता, पण 4 नोव्हेंबरपासून आचारसंहिता. नवीन काम होणार नाही हे मास्तरांना ठाऊक, म्हणून कागद खिशात. त्यात मतमोजणीही 3 डिसेंबरची 21 वर गेली, हायकोर्टाच्या आदेशाने. शेजारी बारामती नगरपरिषदेचं तर मतदानच 20 तारखेला. म्हणजे मी फिरत होते तेव्हा अख्ख्या माळेगावचं मत मशीनमध्ये कुलूपबंद होतं. पारावर, रसवंतीत, न्हाव्याच्या दुकानात फक्त आकडे चालू. अठरा, पंधरा-तीन, बारा-सहा. कुणी कुणाला काट मारली याचा हिशेब!

दुपारी बाजरीची भाकरी, मेथीची भाजी आणि ठेचा हाणल्यावर मामाने लॅपटॉप उघडायला लावला. ‘नीट टाइप कर. आणि क्षेत्रसभेचा मुद्दा शेवटी घाल.’

‘एक प्रत नगराध्यक्षांना?’

‘हो.’

‘नाव काय टाकू?’

‘नाव कशाला? मा. नगराध्यक्ष. 21 नंतर जो असेल तो.’

पुढे गाडी अडकली ती विषयाच्या ओळीवर. मी सवयीने ‘विनंती’ लिहिलं होतं. ऑफिसच्या मेलमध्ये आपण काय, ‘प्लीज’ शिवाय श्वासही घेत नाही! मामाने स्क्रीनवर बोट ठेवलं. ‘मागणी लिही. घरपट्टी भरतो मी.’

‘विनंतीच असू द्या हो,’ मामी आतून म्हणाली. ‘उगाच कशाला?’

‘अगं, भीक मागतोय का मी?’

‘भीक कोण म्हणतंय? बाक लागले म्हणजे झालं ना? मला बसायचंय त्याच्यावर संध्याकाळचं.’

मामा गप्प झाला. मीही. बाहेरून एक ट्रॉली गेली आणि तिच्या धडधडीने खिडकीची काच हलली. मामी चहा घेऊन आली, स्क्रीनकडे बघत उभी राहिली आणि मग तिनेच विचारलं, ‘दोन्ही काढता येतात का गं?’

येतात की! मी दोन्ही फाइल्स सेव्ह केल्या, पुण्यात येऊन प्रिंट काढल्या आणि कुरिअर केल्या. एकीवर ‘विनंती’, एकीवर ‘मागणी’, बाकी मजकूर तोच. कुठली द्यायची ते दोघांचं अजून ठरलं नव्हतं.