भुयारांतलें भुयार

रत्नागिरीच्या मुलास भुयार म्हणजे काय, हें समजावून सांगावें लागत नाहीं. तिन्ही बाजूंनीं समुद्रानें वेढलेल्या रत्नदुर्गावर, भगवतीच्या दर्शनास, आम्ही लहानपणीं वडील माणसांचें बोट धरून जात असूं. आणि दर्शन आटोपलें, कीं आमचे पाय आपोआप तेथील भुयाराकडे वळत. तोंडाशीं उभें राहून खालचा काळोख पाहावा, आंतून लाटांचा आवाज येतो असें एकानें म्हणावें, दुसऱ्यानें तें नाकारावें, आणि तेवढ्यांत मागून कोणीतरी दटावावें, असा तो ठरलेला कार्यक्रम. "शिरणें सोपें असतें; बाहेर कोठें निघणार, तें आधीं ठाऊक पाहिजे," असें आमचे आजोबा म्हणत. ह्या वाक्याचा खरा अर्थ आम्हांस तिशी उलटल्यावर उमगला, आणि तोहि डोंगरांतल्या नव्हे, तर संगणकाच्या जाळ्यांतल्या भुयारामुळें. ती हकीकत विद्यार्थिमित्रांच्या व त्यांच्या पालकांच्या उपयोगीं पडेल, अशा समजुतीनें येथें देत आहों.

सन २०२० च्या मार्च महिन्यांत आम्ही मुंबईंतील एका शिक्षणसंस्थेंत नोकरीस होतों. शिमग्याच्या पालखीसाठीं म्हणून घरीं आलों, तों साथीचें संकट वाढत गेलें आणि २५ मार्चपासून साऱ्या देशांत टाळेबंदी सुरू झाली. जो जेथें होता तो तेथेंच अडकला. आमच्याकडे त्या वेळीं सुमारें चाळीस विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीच्या अर्जांची छाननी होती, आणि ती मेअखेर पुरी करावयाची होती. ज्या वहींत हे अर्ज नोंदलेले, ती वही कागदाची नव्हती. संस्थेच्या अगदीं आंतल्या संगणकावर ती ठेवलेली होती. तींत प्रत्येक विद्यार्थ्याच्या आईबापांचें उत्पन्न, त्यांचे दाखले, बँकेच्या खात्याचे आंकडे, असें सर्व कांहीं होतें. कित्येकांच्या घरची कमाई टाळेबंदीनें बंद पडलेली. अर्ज वेळेवर पुढें गेले नाहींत तर त्या मुलांचें वर्ष अडेल, हें आम्हांस स्पष्ट दिसत होतें.

परंतु वहीपर्यंत पोहोंचावें कसें? आपल्या कोंकणांतील जुन्या घराची रचना डोळ्यांपुढें आणावी. प्रथम अंगणाचा दरवाजा, मग ओटी, आणि सर्वांत आंत माजघर. आमच्या संस्थेचे संगणक अशाच क्रमानें मांडलेले होते. बाहेरच्या जगास फक्त दरवाजावरचें यंत्र दिसे. ओटीवरच्या व माजघरांतल्या यंत्रांस पत्ते होते, पण ते घरगुती. 'वरची वाडी' कोंकणांत गांवोगांव असते. मुंबईहून पत्र टाकतांना तेवढाच पत्ता लिहिला, तर तें कोठें जाणार? तशीच ह्या खासगी पत्त्यांची गोष्ट. तेच आंकडे हजारों संस्था आपापल्या कुंपणाच्या आंत वापरतात. कुंपणाबाहेर त्यांस अर्थ नाहीं. शिवाय ही वही माजघरांतल्या यंत्रावाचून दुसऱ्या कोणाच्या हांकेस ओ देतच नसे. पैसाअडका ओटीवर मांडून कोणी ठेवीत नाहीं. म्हणून ही व्यवस्था योग्यच होती.

अशा ठिकाणीं परवानगीनें जाण्याचा एक मार्ग आहे, त्यास 'सिक्युअर शेल' म्हणतात. पूर्वीं दूरच्या यंत्रावर काम करण्यास 'टेलनेट' नांवाची रीत होती. तींत परवलीचा शब्द पोस्टकार्डावरील मजकुराप्रमाणें उघडा जाई. सन १९९५ मध्यें फिनलंडांतील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी असे शब्द चोरून टिपले. तेव्हां तेथील तातू युल्योनेन ह्या गृहस्थांनीं, सर्व संभाषण कुलुपबंद करून नेणारी ही नवी रीत रचली. प्रत्येक संगणकास ६५,५३५ क्रमांकांचीं दारें असतात. त्यांपैकीं २१ वें दार फाइली पाठविण्याचें आणि २३ वें टेलनेटचें. मधलें २२ वें मोकळें होतें, तें त्यांनीं मागून घेतलें. आजहि सिक्युअर शेलचें दार तेंच. पुढें १९९९ सालीं ओपनबीएसडीच्या मंडळींनीं 'ओपनएसएसएच' नांवाची तिची मुक्त आवृत्ति काढली, आणि ती जगभर रूढ झाली.

ह्या रीतीचा एक विशेष असा, कीं तिच्यांतून भुयार काढतां येतें. आपल्या घरच्या यंत्रावर एक रिकामें दार निवडावें. त्या दारांत जें घालावें, तें मोहोरबंद होऊन दूरच्या यंत्रापाशीं बाहेर पडतें. आंत शिरण्यास कुलूप व किल्ली अशी जोडी लागते. कुलूप जेथें जावयाचें त्या यंत्रावर बसवितात. तें जगानें पाहिलें तरी हरकत नाहीं. किल्ली मात्र आपल्याजवळ ठेवावयाची.

आतां आमची चूक सांगतों. घरून आम्ही दरवाजापर्यंत सुखरूप गेलों. तेथून ओटीवर जाण्यास किल्ली पाहिजे, आणि किल्ली तर रत्नागिरीस, आमच्या यंत्रांत. आम्ही विचार केला, कीं रोजचा हेलपाटा कशाला? किल्लीची एक नक्कल दरवाजावरच ठेवून दिली. तीच किल्ली ओटीस लागे, तीच माजघरास. काम भराभर होऊं लागलें, आणि आठ दिवस आम्ही आपल्या हुशारीवर खूष होतों.

नवव्या दिवशीं सकाळीं दरवाजा उघडेना. थोड्याच वेळांत संस्थेच्या यंत्रांची देखरेख करणाऱ्या व्यवस्थापकांचा दूरध्वनि आला. गृहस्थ वयानें वडील, बोलणें मोजकें.

"तुमचें कुलूप मीच काढलें," ते म्हणाले. "तुमची किल्ली मला दरवाजावर सांपडली."

आम्ही जरा घुश्शांतच म्हणालों, "अहो साहेब, दरवाजा तर तुमच्याच ताब्यांत आहे! तुमच्यावर आमचा विश्वास आहे."

"त्याबद्दल आभारी आहें. पण दरवाजावर मी एकटा नसतों. सारें जग रात्रंदिवस तेथें कडी वाजवीत असतें. उद्यां कोणी आंत शिरला, तर त्यास कुलूप फोडावें लागणार नाहीं. तुमची किल्ली घेऊन तो थेट माजघरांत जाईल. मग त्या चाळीस घरांतल्या माणसांस तुम्ही काय सांगणार?"

आम्ही निरुत्तर झालों. ती किल्ली आमची, असें आम्ही समजत होतों. वस्तुतः ती चाळीस कुटुंबांच्या कपाटांची होती. त्यांनीं आपला विश्वास आमच्यापाशीं ठेव म्हणून ठेवला होता, आणि ती ठेव आम्ही हमरस्त्यावरच्या कोनाड्यांत ठेवून आलों होतों.

ते रागावले असते तर आमचें मन उलट हलकें झालें असतें. परंतु त्यांनीं शांतपणें शिकविण्यास आरंभ केला. पूर्वीं घाटांतून टपाल नेणारे हलकारे टप्प्याटप्प्यावर थैली पुढच्याच्या हातीं देत. थैली फोडून पत्रें वाचणें हें त्यांचें काम नव्हे. आमच्या रीतींत मात्र प्रत्येक टप्प्यावर थैली फुटत होती. घरून निघालेलें संभाषण दरवाजावर उघडलें जाई आणि तेथून नव्यानें बंद होऊन ओटीवर जाई. दरवाजावर दबा धरून बसलेल्यास सारें वाचतां आलें असतें.

खरी रीत अशी, कीं पहिलें भुयार घरापासून दरवाजापर्यंत खणावें. त्या भुयाराच्या पोटांतून दुसरें न्यावें, तें घरापासून ओटीपर्यंत. त्याच्याहि पोटांतून तिसरें, घरापासून माजघरापर्यंत. तिन्हींचें एक तोंड आपल्याच घरीं. मधलीं यंत्रें बंद लिफाफा पुढें सरकवितात, त्यांस आंतला मजकूर दिसत नाहीं; आणि किल्ली घराबाहेर जातच नाहीं. सन २०१६ मध्यें निघालेल्या ओपनएसएसएचच्या ७.३ ह्या आवृत्तीपासून तर टप्प्यांचीं नांवें क्रमानें सांगितलीं, कीं एकाच आज्ञेंत हें सर्व घडतें. माजघरांत पोहोंचलें, कीं वहीचें दार हाताशींच.

आम्ही जुनी जोडी रद्द करून नवी तयार केली आणि नवें कुलूप त्यांच्याकडे पाठविलें. पुढें आणखी एक पायरी होती. अनोळखी यंत्राशीं प्रथम गांठ पडते, तेव्हां तें आपला ठसा दाखवितें आणि आपला संगणक विचारतो, "हा ठसा ओळखीचा आहे काय?" बहुतेक लोक न वाचतांच 'होय' म्हणतात, आम्हीहि पूर्वीं तसेंच म्हटलें होतें. ह्या खेपेस व्यवस्थापकांनीं तिन्ही यंत्रांचे ठसे दूरध्वनीवरून अक्षर न् अक्षर वाचून दाखविले, आणि आम्ही पडद्यावर बोट ठेवून ते पडताळले. शेवटचें अक्षर जुळलें तेव्हां ते म्हणाले, "आतां तुम्ही कोठें निघणार, हें तुम्हांस ठाऊक आहे." आम्हांस एकदम आजोबांची आठवण झाली.

त्यांच्याच सांगण्यावरून भुयाराचें घरचें तोंड आम्ही केवळ आपल्या यंत्रापुरतेंच उघडें ठेवलें, म्हणजे घरांतील त्याच वायफायवर असलेल्या दुसऱ्या कोणासहि त्यांत शिरतां येऊं नये. दुपारीं वही उघडली. पहिलें नांव वाचतांना आम्हांस पूर्वींसारखी घाई वाटेना. परक्याच्या घरांत पाऊल टाकतांना वाटतो, तसा संकोच वाटला. मे संपण्यापूर्वीं सर्व अर्ज पुढें गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, ३ जून २०२० रोजीं, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें आणि आमच्या जिल्ह्यासहि त्याचा तडाखा बसला. दापोली-मंडणगडाकडे तर बागाच्या बागा उन्मळून पडल्या. आमच्या आळींतील वीज गेली आणि त्याबरोबर आमचें भुयारहि नाहींसें झालें. रत्नदुर्गाचें भुयार शतकें टिकलें. हें मात्र दोन्ही टोकें जागीं असतील तेवढाच वेळ टिकणारें, आणि मागें उघडें भगदाड न ठेवणारें. कंदिलाच्या उजेडांत बसलों असतां आम्हांस त्याचें दुःख झालें नाहीं. काम झालें होतें, आणि माजघर बंद होतें.

विद्यार्थिमित्रहो, आज तुमच्यापैकीं अनेकांच्या हातीं संगणक आहे. उद्यां अशीं भुयारें तुम्हीहि खणाल. ज्याचें घर त्याच्या परवानगीवांचून तें काम करूं नका. आणि परवानगी मिळाली, तरी जेथें पोहोंचावयाचें त्या ठिकाणाची ओळख आधीं पटवून घ्या. मधल्या टप्प्यावरचा माणूस कितीहि भला असो, त्याच्याकडे लिफाफा द्यावा, किल्ली देऊं नये. आणि पालकांस एवढीच विनंती, कीं मूल आपल्या परवलीचा शब्द मित्रापाशीं ठेवूं लागलें, तर त्यास नुसतें दटावूं नका. ती किल्ली आणखी कोणाकोणाच्या कपाटास लागते, तें त्याच्याजवळ बसून त्यास दाखवा. आम्हांस तें एका सज्जनानें वेळेवर दाखविलें, म्हणून आम्ही वांचलों.