पातळ लाकडाची बाजू

संपादकांची मागणी सरळ होती: जेवणघरासाठी जडावकामाची कपाटं कशी घडतात ते लिहा, आणि सोपं लिहा. प्रयत्न करतो. पण या कामात एक वाद असा आहे की थोडं तांत्रिक झाल्याशिवाय तो सांगता येत नाही, आणि तो टाळून बाकीचं लिहिण्यात मला अर्थ वाटत नाही. कपाटाची दारं भरीव सागवानाची असावीत की प्लायवर लाकडाचा पातळ काप, म्हणजे व्हीनिअर, चढवून केलेली असावीत? माझं मत आधीच सांगून टाकतो. दारावर जडाव हवा असेल तर ते भरीव फळीचं करू नये.

हे ऐकलं की बहुतेक गिऱ्हाइकांचा चेहरा पडतो. व्हीनिअर म्हणजे फसवणूक, प्लाय म्हणजे स्वस्ताई, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. वर्कशॉपमध्ये आलेला माणूस जडावाकडे नंतर बघतो. आधी बोटांनी दार ठोकून आवाज ऐकतो. आवाजावरून लाकूड भरीव आहे का ते कळेलही, पण काम चांगलं आहे का ते कळत नाही.

गेल्या वर्षी साताऱ्याकडच्या एक काकू आल्या होत्या. सासरचा वाडा उतरवला, त्यातली सागवानी तुळई त्यांनी जपून ठेवली होती. पुण्याच्या नव्या घरात जेवणाच्या टेबलामागे भिंतभर कपाट हवं होतं: वर काचेची भांडी आणि बरण्या, खाली पितळेची, आणि खालच्या दोन रुंद दारांवर पारिजातकाचा जडाव. लाकूड अप्रतिम होतं. मी सुचवलं, या तुळईचे दोन-दोन मिलिमीटरचे काप काढू, ते चांगल्या प्लायवर दोन्ही बाजूंनी बसवू आणि त्यात फुलं जडवू. काकू म्हणाल्या, "अहो, तुम्ही आमच्या तुळईचे पापड लाटणार की काय?" त्यांनी लाकूड परत नेलं आणि दुसरीकडे, त्यांच्या मनासारखी, भरीव फळ्यांची दारं करून घेतली. उन्हाळ्यात काम झालं. यंदा आषाढात त्यांचा फोन आला. दारं चौकटीत घट्ट बसली होती, फुलांखालची शिसवी पट्टी टोकाला सुटली होती आणि पाकळ्यांच्या कडांना फटी पडल्या होत्या. ती दारं सध्या माझ्याकडे आहेत. पट्टीवरून बोट फिरवलं की सांध्यासांध्याला अडकतं. ज्या कारागिराने पाकळ्या कापल्या त्याचा हात चांगला आहे, हे बघून जास्तच वाईट वाटतं.

असं का झालं? लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, आणि त्याबरोबर फुगतं-आक्रसतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडात साधारण ६ टक्के ओलावा टिकतो. ८० टक्के असेल तर साधारण १६. पुण्यात वैशाख आणि आषाढ यांच्यात एवढी तफावत सहज पडते. पॉलिशमुळे वेग मंदावतो, घरातली हवा थोडी बरी असते, म्हणून लाकडातला फरक ६ टक्केच धरू. ४५० मिलिमीटर रुंद, आडव्या कापाची सागवानी फळी तेवढ्याने सुमारे ५ मिलिमीटर वाढते. आणि सागवान हे या बाबतीत शांत लाकूड समजलं जातं! पण ही वाढ फक्त रुंदीत होते. तंतूंच्या दिशेने, म्हणजे लांबीत, लाकूड जवळजवळ हलत नाही. आता त्या फळीवर आडवी पट्टी जडवा. फळीची रुंदी तीच पट्टीची लांबी. खालची फळी ५ मिलिमीटर वाढणार, वरची पट्टी होती तेवढीच राहणार. मग सांधे उघडतात, नाहीतर गोंद सुटतो. तिसरा मार्ग नाही. गोंद कितीही भारी आणा.

जुन्या सुतारांना हे नीट माहीत होतं. म्हणूनच ते चौकटीला खोबण पाडून पॅनेल त्यात सुटं बसवत, गोंद लावत नसत; पॅनेलला हलायला जागा राही. जडाव मात्र पॅनेललाच चिकटतो, तिथे ही युक्ती चालत नाही. प्लायमध्ये पातळ थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असतात, प्रत्येक थर शेजारच्याला धरून ठेवतो, त्यामुळे रुंदीतला बदल नगण्य होतो. फक्त व्हीनिअर मागच्या बाजूलाही लावावं लागतं, नाहीतर दार वाकतं. मागचा काप वाचवणारा सुतार दिसला तर तिथून निघावं.

आणि पातळ कापाला कमी लेखणाऱ्यांनी या कलेचा इतिहास तरी बघावा. पंधराव्या लुईसाठी एबेन याने सुरू केलेलं आणि रीझनेर याने १७६९ मध्ये पुरं केलेलं मेज व्हर्सायला आहे. त्याचा सांगाडा ओकचा, वरचं सगळं फुलकाम पातळ कापांचं. आपल्याकडे सुरत आणि मुंबईत सादेली काम चालायचं. हस्तिदंत, आबनूस, शिंग, कथील यांच्या बारीक कांड्या जुळवून जुडी चिकटवायची, मग तिचे आडवे काप काढून पेटीवर बसवायचे; कापातच नक्षी. गोव्यात सतराव्या शतकात घडलेली कोंतादोर कपाटं मात्र सागवानावर आबनूस आणि हस्तिदंताच्या जडावाची आहेत, एकमेकांत गुंतलेल्या वर्तुळांच्या नक्षीची. ती टिकली कशी, असं मला विचारतात. माझा तर्क असा की त्यांच्या दर्शनी भागात लहान-लहान खण आहेत. खणाची पट्टी रुंदीला कमी, त्यामुळे हालचालही कमी. दीड फुटी सलग दार त्या कारागिरांनी जडावाला घेतलं नाही, यातच त्यांचं शहाणपण आहे.

हस्तिदंताचा प्रश्न आता कायद्यानेच मिटवला आहे, आणि ते योग्यच झालं. मी लाकडांच्या रंगांवरच भागवतो. पांढऱ्या पाकळीला शिवण, देठाला हळदू, काळसर पानाला शिसव. पाकळीला उठाव येतो तो सावलीमुळे, आणि ती रंगाने देत नाही. लोखंडी कढईत बारीक वाळू तापवायची, चिमट्यात पाकळी धरून तिची एकच कड वाळूत खुपसायची. काही क्षणांत कड मधासारखी होते, मग तपकिरी, आणि क्षणभर जास्त राहिली तर कोळसा. वाळूतून काढल्यावर पाकळी कोरडी पडून किंचित आक्रसलेली असते. ओलसर फडक्याने तिला पूर्ववत करूनच बसवायची. लेझरने कापलेल्या फुलांना चहूकडून एकसारखी काळी रेघ येते. ती सावली नव्हे, जळालेली कड आहे, आणि आता गिऱ्हाइकं तीच छान समजायला लागली आहेत याचा मला खरोखर त्रास होतो.

लोकांचा अविश्वास अगदीच अकारण आहे असं मी म्हणणार नाही. लाकडाचा छापील कागद लॅमिनेटखाली घालून 'लाकडी फिनिश' म्हणून विकणारे, आत पोकळ्या असलेला प्लाय खपवणारे बाजारात भरपूर आहेत. म्हणून ठोकून बघण्यापेक्षा विचारा. प्लायवर आयएस ३०३ चा शिक्का आणि बीडब्ल्यूआर ग्रेड आहे का? कापलेल्या कडेला थरांमध्ये फटी दिसतात का? व्हीनिअर किती जाडीचं? बाजारातलं साधारण अर्ध्या मिलिमीटरचं असतं, पुढे कधी घासून पुन्हा पॉलिश करायला त्यात जीव उरत नाही. स्वतः काढलेल्या दोन मिलिमीटरच्या कापात तो उरतो. फळीला पुढून भरीव लाकडाची पट्टी आहे का हेही बघा, नाहीतर पितळी भांड्यांच्या वजनाने तीन फुटी फळी काही वर्षांत मधोमध झोकते.

काकूंच्या दारांचं काय करायचं यावर आमची बरीच बोलणी झाली. पुन्हा चिकटवून द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. दिलं असतं तर पुढच्या पावसाळ्यात तेच झालं असतं. वाड्याचं लाकूड हातात जड लागावं, ही त्यांची इच्छा मला कळते. मी ती खोडून काढू शकलेलो नाही आणि खोडावी की नाही याबद्दलही माझं मन ठाम नाही. शेवटी हिशेब कागदावर मांडला. दार २२ मिलिमीटर जाड. जडावाचा वरचा भाग बाजूला काढला तरी उरलेल्या जाडीतून, करवतीची धार आणि रंध्याची घट वजा जाता, चार काप निघतात. म्हणजे दोन दारांच्या लाकडात नव्या दारांच्या दोन्ही बाजू, कपाटाच्या कडा, आणि मुलीच्या घरी द्यायला एक लहान कपाटही. हे ऐकल्यावर त्या तयार झाल्या. जुन्या पाकळ्या सोडवता येतील तेवढ्या सोडवून त्याच वापरायच्या, अशी अट घातली आणि मी ती मान्य केली. लेख लिहिताना ओलाव्याचा मीटर १५ दाखवतोय. तो ११ च्या खाली उतरला की कापायला घेणार.