ब्रेकमधली हवा

'ब्रेक' या वस्तूला मराठीत स्वतःचे नाव लाभले नाही. 'गतिरोधक' हा चांगला शब्द होता. पण तो रस्त्यावरच्या उंचवट्याने पळविला आणि मोटारीतला ब्रेक ब्रेकच राहिला. या ब्रेकची दुरुस्ती झाल्यावर जो एक विधी करावा लागतो, त्याला इंग्रजीत 'ब्लीडिंग' म्हणतात. रक्तस्राव! आमच्या बेळगावचे मिस्त्री मात्र सरळ 'हवा काढणे' म्हणतात. इंग्रजाने बाहेर काय वाहते ते पाहिले. मिस्त्रींनी आत काय राहता कामा नये ते पाहिले. मराठीच्या माणसाला दुसरे नाव अधिक अर्थवाही वाटले, तर वाचकांनी त्यास पक्षपात समजू नये.

आमचे कुलदैवत कवळ्याची श्रीशांतादुर्गा. वर्षातून एकदा चोर्ल्याच्या घाटाने उतरून देवीचे दर्शन घ्यावयाचे, हा वडिलांपासूनचा नेम. आई आता ऐंशीच्या पुढे आहे. तरी हा नेम तिने सोडलेला नाही. यंदा निघण्याला आठ दिवस असताना गाडीतला ए. बी. एस.चा पिवळा दिवा लागला. एका गॅरेजात ते यंत्र नळ्यांपासून सोडवून काढले गेले, त्याचा पंप दुरुस्त झाला आणि यंत्र परत बसले. दिवा विझला. पण ब्रेकवर पाय ठेवताच पेडल निम्म्यापर्यंत खाली गेले आणि पायाला ओल्या स्पंजावर दाबल्यासारखे वाटले. "चालवा, आपोआप बसेल," असे सांगण्यात आले. पाठीमागच्या आसनावर आईला बसवून घाट उतरावयाचा होता. मी तशी गाडी चालविण्यास नकार दिला आणि ती ओढून एका वृद्ध मिस्त्रींकडे नेली.

त्यांनी पेडल दोनदा दाबून पाहिले आणि म्हणाले, "सर, आत हवा हाय की हो."

हवेचे एवढे भय का, हे आमच्या शाळेतील विज्ञानशिक्षक नववीच्या मुलांना दोन इंजेक्शनच्या पिचकाऱ्यांनी दाखवितात. दोन्ही पिचकाऱ्या एका नळीने जोडून त्यांत पाणी भरले, तर एक दट्ट्या दाबताच दुसरा तत्काळ सरकतो. कोंडलेल्या द्रवावरचा दाब सर्व दिशांना सारखा पोहोचतो, हा सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल याचा नियम. नळीत हवेचा बुडबुडा शिरला, की दाबणाऱ्याचा जोर आधी त्या बुडबुड्याला आवळण्यात खर्ची पडतो आणि पलीकडचा दट्ट्या मागे राहतो. मोटारीत पिचकारीच्या जागी पेडल आणि चाक, पाण्याच्या जागी ब्रेक ऑइल. बाकी सर्व तेच.

साध्या ब्रेकमधील ही हवा काढण्याची रीत जुनी आहे. एकाने पेडल सावकाश दोन-चार वेळा दाबून धरावयाचे. दुसऱ्याने चाकाजवळचे निपल किंचित सैल करावयाचे. पारदर्शक नळीतून तेल बाटलीत उतरते आणि त्यातून बुडबुडे निघतात. पाय उचलण्यापूर्वी निपल आवळले गेलेच पाहिजे, नाहीतर हवा परत आत ओढली जाते. वरच्या डबीतील तेलही संपू द्यावयाचे नाही. मिस्त्री खालून "दाबा!" म्हणत आणि त्यांचा पोरगा वरून "दाबलं!" म्हणे. चारही चाकांचा हा संवाद अर्धा तास चालला. पूर्वी सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करीत. आता प्रत्येक गाडीचा क्रम निराळा असतो, म्हणून मिस्त्रींनी आधी पुस्तिका उघडली होती. हे पाहून माझ्यातील शिक्षक सुखावला.

पेडल पुष्कळ कडक झाले. मला वाटले, काम झाले. मिस्त्रींना तसे वाटले नाही.

चाक जागच्या जागी अडकून घसरू लागले, की गाडी स्टिअरिंगला जुमानत नाही. ते होऊ नये म्हणून ए. बी. एस. त्या चाकाचा दाब क्षणात अनेकदा सोडते आणि पुन्हा देते. सोडलेले तेल ज्या बारीक वाटेने जाते, ती वाट एरवी झडपेने बंद असते. यंत्र उघडल्यावर तिथे हवा शिरते, आणि नुसते पेडल दाबून ती निघत नाही. गावातल्या सपाट रस्त्यावर सारे ठीक भासते. पुढे एखाद्या वळणावर ट्रक समोर आला, आपण जिवाच्या आकांताने पाय दाबला, की नेमकी तेव्हाच ती झडप उघडते, कोंडलेली हवा नळ्यांत येते आणि पायाखालचे पेडल खचते. ज्या घटकेसाठी हे यंत्र बसविले, त्याच घटकेला दगा!

मिस्त्रींच्या पुतण्याने स्टिअरिंगखालच्या खाचेत तपासणीयंत्राची तार जोडली आणि पडद्यावरून आज्ञा दिली. बॉनेटखाली पंप गुरगुरला, झडपा टकटक वाजल्या. त्यानंतर चारही चाके पहिल्यापासून. आणि स्वच्छ म्हणून आम्ही ज्याला समजलो होतो, त्या नळीत पुन्हा बुडबुड्यांची माळ आली. आम्ही दोघेही ती बराच वेळ पाहत राहिलो. सगळ्याच गाड्यांना हे लागते असे नाही; आणि नळ्या न सोडवता केवळ वरचा इलेक्ट्रॉनिक भाग बदलला, तर हवेचा प्रश्नच येत नाही. परंतु भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना ए. बी. एस. सक्तीचे झाले आहे. तेव्हा यंत्र उघडले होते काय, आणि त्याच्या पोटातली हवा कशी काढली, हे दोन प्रश्न गाडी ताब्यात घेताना कोणीही विचारावेत.

बाटलीतले काळपट तेल मिस्त्रींनी पुन्हा वापरले नाही. हे तेल हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ जातीचे कोरडे तेल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. घाटात ब्रेक तापले, की त्या पाण्याची वाफ होते आणि वाफही हवेसारखीच दाबली जाते. दर दोन वर्षांनी तेल बदला, असे त्यांनी बजावले.

शेवटी खडीच्या ओसाड रस्त्यावर त्यांनी स्वतः गाडी पळविली आणि एकदम ब्रेक दाबला. पेडल पायाखाली थरथरले, गाडी सरळ रेषेत थांबली. मग त्यांनी उभ्या गाडीत पेडल पुन्हा दाबून धरले. ते तसूभर खचले नाही.

ठरल्या दिवशी आम्ही निघालो. चोर्ल्याच्या उतारावर मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली होती, ब्रेकला उगाच ताप नको म्हणून. "काय रे, एवढं सावकाश?" आईने मागून विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता ती ओटीच्या पिशवीतील नारळ चाचपू लागली.