वास्तूचे दान, वास्तूची निगा

व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला ‘घसारा’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. दुकानातील काट्यापासून गोदामातील पंख्यापर्यंत प्रत्येक वस्तू दरवर्षी थोडी झिजते आणि ती झीज वहीत मांडावी लागते, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. मात्र आपल्याच पूर्वजांच्या दानातून उभ्या राहिलेल्या शाळांकडे पाहताना ही दृष्टी कोठे जाते? बँकेतून निवृत्त झाल्यावर गिरगावातील एका जुन्या शाळेच्या विश्वस्तांनी मला हिशेब पाहण्याची विनंती केली, तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनात आहे.

गिरगाव ही मुंबईतील शिक्षणाची जुनी भूमी. १८४९ साली मुलींच्या शाळा सुरू झाल्या, तेव्हा जगन्नाथ शंकरशेट यांनी लोकांचा रोष पत्करून आपल्या वाड्यात त्यांना जागा दिली. पुढे १८९७ मध्ये आर्यन एज्युकेशन सोसायटी आणि १९०६ मध्ये चिकित्सक समूह या संस्था याच परिसरात स्थापन झाल्या. त्या काळच्या दात्यांनी जागा दिल्या, भिंती उभारल्या. त्या भिंती शंभर वर्षांनी कोण सांभाळणार, हे मात्र बहुतेक दानपत्रांत लिहिलेले नसते.

फोर्टमधील राजाबाई टॉवर आपल्या समाजाला अभिमानाचा वाटतो. प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या मातोश्रींच्या नावाने त्यासाठी दान दिले आणि १८७८ साली तो पूर्ण झाला. पुढे २०१५ साली त्याचा जीर्णोद्धार झाला, तो दुसऱ्यांच्या देणगीतून. वास्तू टिकवायची तर प्रत्येक पिढीला पुन्हा दाता शोधावा लागतो, हे यावरून ध्यानी येते.

शाळेची वास्तू एका दिवसात पडत नाही. गच्चीच्या कोब्याला बारीक चीर जाते. पावसाच्या पाण्याचा नळ पाल्याने तुंबतो. भिंतीच्या सांध्यात पिंपळाचे रोप रुजते. समुद्राच्या खाऱ्या हवेने लोखंडी तुळई गंजते, फुगते आणि भोवतीचा गिलावा पाडते. वैशाखात थोडक्या खर्चात होणारे काम पुढे ढकलले, की काही वर्षांनी तेच अनेक पटींनी महाग होते. दरम्यान वर्ग त्याच छपराखाली भरत असतात. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुले दगावली. शाळेच्या देखभालीचा खर्च हा मुलांच्या जिवाशी बांधलेला खर्च आहे. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे, तीही याचसाठी.

इमारतीइतकीच कागदांचीही निगा लागते. आमच्या शाळेच्या मालमत्ता पत्रकावर कित्येक दशकांपूर्वी दिवंगत झालेल्या दात्याचेच नाव होते. दानपत्र कपाटात होते, परंतु नोंद बदललेली नव्हती. वारसांची मने मोठी होती म्हणून ते काम सुखरूप पार पडले. दुसऱ्या पिढीत हाच प्रश्न न्यायालयात गेला असता. प्रत्येक विश्वस्ताने वर्षातून एकदा तरी दानपत्र, मालमत्ता पत्रक आणि धर्मादाय आयुक्तांकडील नोंद शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहावी.

आता मोहही वाढला आहे. भुयारी मेट्रोची गिरगाव आणि काळबादेवी ही स्थानके २०२५ साली सुरू झाली. जागेचा भाव आणि मराठी शाळांचा पट यांची दिशा परस्परविरुद्ध आहे. “अर्धे वर्ग रिकामे आहेत, जागा विकसित का करीत नाही?” असे विश्वस्तांना विचारले जाते. पुनर्विकासाला माझा सरसकट विरोध नाही. परंतु न्यासाची जागा विकण्यास, तसेच इमारत तीन वर्षांहून अधिक काळ भाड्याने देण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, ती उगाच नव्हे. विश्वस्त हा मालक नसून राखणदार आहे. एकदा गेलेले मैदान गिरगावात पुन्हा मिळणार नाही.

मग पैसा कोठून यावा? दात्यांनी देणगी देताना ‘इमारत देखभालीसाठी कायम निधी’ असे लेखी नमूद करावे. मुद्दल अबाधित राहते आणि व्याजातून दरवर्षीची दुरुस्ती होते. विश्वस्तांनीही मोठ्या दुरुस्तीसाठी रक्कम बाजूला काढावी. विशिष्ट हेतू कळवून पाच वर्षांपर्यंत उत्पन्न साठवण्याची सवलत आयकर कायद्यात आहे.

मूळजी जेठा मार्केटमधील एका कापड व्यापाऱ्यांना मी हेच सांगितले. त्यांना वडिलांच्या नावाने सभागृह बांधावयाचे होते. ते म्हणाले, “अहो साहेब, गच्चीवरची पाटी कोण वाचणार?” मी म्हणालो, “शेठजी, आषाढात वर्गात पाणी गळले नाही, की मुले समजतील.” ते हसले, घरी विचारतो म्हणाले आणि पंधरा दिवसांनी धनादेश घेऊन स्वतः आले.

जीर्णोद्धाराचे पुण्य नव्या बांधकामाहून अधिक, असे आपल्याकडे वडीलधारी माणसे मंदिरांच्या बाबतीत सांगत आली आहेत. शाळेलाही तोच न्याय लावावा. आपण ज्या संस्थेचे सभासद किंवा विश्वस्त असाल, तिच्या पुढील वार्षिक सभेत देणगीदारांच्या यादीआधी दुरुस्त्यांची यादी वाचून दाखवा, एवढी विनंती.