मोटरहोममागची मोटार

अमेरिकेतील मॉन्टाना राज्यात, ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातून जाणारा ‘गोइंग-टू-द-सन’ हा घाटरस्ता १९३२ साली पूर्ण झाला. त्याच्या माथ्याकडच्या अरुंद टप्प्यावर २१ फुटांपेक्षा लांब किंवा ८ फुटांपेक्षा रुंद वाहनास प्रवेश नाही. त्यामुळे स्वयंपाकघर, बिछाने आणि न्हाणीघर एकाच सांगाड्यात सामावणारे मोटरहोम घेऊन शेकडो मैल आलेल्या कुटुंबाला, ज्या रस्त्यासाठी प्रवास केला तोच रस्ता बंद असतो. मोटरहोम तळावर उभे करायचे आणि मागे जोडून आणलेल्या छोट्या मोटारीने हिंडायचे, हा तिकडे रुळलेला उपाय आहे. मोटार संपूर्णपणे ट्रेलरवर चढवून, तिची पुढची दोन चाके ‘डॉली’ नावाच्या दुचाकी गाड्यावर ठेवून किंवा चारही चाके रस्त्यावर फिरती ठेवून, अशा तीन प्रकारे ती नेता येते. यांपैकी तिसरा प्रकार सर्वांत सुटसुटीत आणि म्हणूनच सर्वाधिक लोकप्रिय आहे. मात्र वाहनाच्या रचनेविषयी सर्वाधिक जाण त्यालाच लागते.

पहिला प्रश्न गिअरबॉक्सचा असतो. बहुतेक स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये तेल खेळवणारा पंप इंजिनाच्या फिरण्यावर चालतो. इंजिन बंद असताना चाके फिरत राहिली, तर गिअरबॉक्सचा चाकांकडचा भाग फिरतो पण पंप थांबलेला असतो, आणि वंगणाविना फिरणारे भाग तापून निकामी होतात. जीप रँग्लरसारख्या चारचाकी चालनाच्या गाडीत, इंजिनाची शक्ती पुढच्या व मागच्या चाकांत वाटणारी ‘ट्रान्सफर केस’ न्यूट्रलमध्ये टाकता येते, त्यामुळे गिअरबॉक्स चाकांपासून पूर्ण वेगळा होतो. होंडा सीआर-व्हीच्या २०१४पर्यंतच्या गाड्या ओढता येत. त्यासाठी इंजिन चालू करून गिअर काही सेकंद ‘डी’मध्ये व मग न्यूट्रलमध्ये आणून तीन मिनिटे इंजिन चालू ठेवण्याची रीत पुस्तिकेत दिलेली होती. २०१५मध्ये त्याच नावाच्या गाडीत पट्ट्यावर चालणारा सीव्हीटी गिअरबॉक्स आला आणि ही मुभा संपली. विजेवर चालणाऱ्या अनेक गाड्यांत चाके फिरली की मोटरच जनित्रासारखी वीज निर्माण करू लागते, आणि टेस्ला तर आपल्या गाड्या चारही चाके उचलूनच न्याव्यात असे स्पष्ट सांगते. म्हणून नाव किंवा पूर्वीची ख्याती पाहून नव्हे, तर त्या वर्षाच्या, त्या गिअरबॉक्सच्या मालक-पुस्तिकेतील मजकूर पाहूनच निर्णय घ्यावा लागतो.

दुसरा प्रश्न वजनाचा, आणि तेथे ओढण्याची क्षमता व थांबवण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सहसा लक्षात घेतले जात नाही. अनेक मध्यम आकाराची मोटरहोम फोर्ड ई-४५० या सांगाड्यावर बांधली जातात. सामान, पाणी व माणसांसह त्या वाहनाचे कमाल अनुमत वजन सुमारे ६,५८० किलो, तर मागे जोडलेल्या वाहनासह कमाल अनुमत एकत्रित वजन सुमारे ९,९८० किलो असते. या दोन आकड्यांतील ३,४०० किलोंचा फरक पाहून कोणतीही छोटी मोटार सहज चालेल असे वाटते. परंतु मागच्या हिचची, म्हणजे जोडणीच्या लोखंडी चौकटीची मर्यादा बहुधा २,२७० किलोंच्या आसपासच असते, टो-बारची, म्हणजे मोटार हिचला जोडणाऱ्या दांड्याची, मर्यादा आणखी वेगळी असते, आणि या सर्वांत जो आकडा सर्वांत लहान, तोच खरा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मोटरहोमचे ब्रेक त्याच्या स्वतःच्या वजनासाठी आखलेले असतात. एकत्रित वजनाचा आकडा मागच्या वाहनाला स्वतःचे ब्रेक आहेत असे गृहीत धरतो.

मागच्या वाहनाचा भार ब्रेकवर किती पडतो, ते साध्या गणिताने दिसते. ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या १,५०० किलोंच्या मोटारीत सुमारे पावणेपाच लाख जूल इतकी गतिज ऊर्जा असते, आणि ती थांबवताना ब्रेकना तेवढी उष्णता पचवावी लागते. आता कोलोरॅडोतील आयझेनहॉवर बोगद्याचा विचार करावा. तो समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे आणि त्याच्या पश्चिम मुखातून सिल्व्हरथॉर्नकडे जाणारा महामार्ग जेमतेम १३ किलोमीटरमध्ये सुमारे ७०० मीटर खाली येतो. तेवढ्या उतरणीत त्याच मोटारीमुळे मुक्त होणारी ऊर्जा एक कोटी जूलांच्या घरात जाते, म्हणजे वरच्या एका पूर्ण थांब्याच्या बावीसपट. तिचा काही भाग हवेचा अवरोध आणि टायरचे घर्षण घेते, काही खालच्या गिअरमध्ये इंजिन घेते. उरलेला सगळा मोटरहोमच्या ब्रेकवर येतो, आणि तोही मोटरहोमच्या स्वतःच्या वजनाव्यतिरिक्त. ब्रेक अति तापले की त्यांची पकड ओसरते, तेलात वाफ धरली तर पॅडल तळाशी जाते. म्हणून उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली घ्यायचा, ब्रेक सतत टेकवून न ठेवता जोराने व थोडा वेळ दाबायचा, आणि मागच्या मोटारीला स्वतंत्र पूरक ब्रेक बसवायचा. मोटरहोमचा वेग ज्या प्रमाणात घटेल त्या प्रमाणात मोटारीचे ब्रेक पॅडल दाबणारी यंत्रणा सर्वांत भरवशाची. ती कायमची बसवता येते किंवा चालकाच्या आसनापुढे ठेवण्याच्या पेटीच्या रूपातही मिळते. अमेरिकेत अशा ब्रेकचे नियम राज्यागणिक बदलतात, ब्रिटनमध्ये ७५० किलोंवरील ओढलेल्या वाहनास ब्रेक सक्तीचे आहेत. पण भौतिकशास्त्र सीमेवर बदलत नसल्याने, कायदा सक्ती करीत नाही म्हणून हा खर्च टाळणे समर्थनीय नाही.

जोडणी तुटली तर काय, याचीही तयारी हवी. टो-बारखालून एकमेकींना छेद देऊन बांधलेल्या दोन सुरक्षा-तारा निसटलेल्या दांड्याला जमिनीवर आपटू देत नाहीत. त्याही तुटल्या तर ‘ब्रेकअवे स्विच’ची पिन ओढली जाऊन मोटारीचे ब्रेक आपोआप लागतात. टो-बार शक्य तितका समतल असावा, कारण हिच आणि मोटारीवरील जोडबिंदू यांच्या उंचीत सात-आठ सेंटिमीटरांहून अधिक फरक पडला, की ब्रेक लागताना मोटार मोटरहोमच्या मागच्या भागाखाली घुसू लागते किंवा त्यावर चढू लागते. मोटारीचे स्टिअरिंग कुलूपमुक्त राहावे म्हणून किल्ली अनेकदा अर्धी फिरवून ठेवावी लागते. त्यामुळे दिवसभरात बॅटरी उतरू शकते, यासाठी पुस्तिकेत सांगितलेला फ्यूज काढावा किंवा मोटरहोममधून चार्जिंगची तार आणावी.

चारही चाकांवर ओढलेली मोटार मागे मात्र घेता येत नाही. पुढच्या चाकांचा वळणअक्ष थोडा मागे कललेला असल्याने ती पुढे जाताना दुकानातल्या ट्रॉलीच्या चाकांप्रमाणे आपोआप सरळ राहतात, पण उलट ढकलली की एका बाजूला पूर्ण वळतात. मग टायर आडवे फरफटतात आणि टो-बार वाकतो. त्यामुळे अरुंद पेट्रोल पंप किंवा पुढे वाट नसलेली गल्ली दिसली, की आत शिरण्यापूर्वीच थांबून मोटार सोडवावी, आणि ती शक्यतो सपाट व सरळ जागी सोडवावी, कारण दांड्यावर ताण असताना त्याची पिन निघत नाही.